मी आकडा घेणारी

मी सिस्टीम बोलतेय. तपासणीच्या खोलीत, खिडकीजवळच्या लांब टेबलावर जो पडदा दिसतो, त्याच्या आत मी राहते. कागदोपत्री माझं नाव चांगलं ऐसपैस आहे, पण ते उद्घाटनाच्या दिवशी एकदाच घेतलं गेलं. इथे सगळे मला नुसतं सिस्टीम म्हणतात. नीट चालले तर कुणी नावही काढत नाही, जरा अडले की 'सिस्टीम डोकं खातेय' एवढं कानावर येतं. माझी तक्रार नाही. सोयीच्या वस्तूंचं असंच असतं.

या कारखान्यात शाफ्ट, कड्या, क्रेनचे हुक असे जड लोखंडी भाग तयार होतात. बाहेर जाण्याआधी प्रत्येक भाग आमच्या खोलीत येतो. त्याचं माप घेतात, तो किती कठीण आहे ते बघतात, आत ध्वनिलहरी सोडून कुठे भेग दडून बसली आहे का ते शोधतात, वरून फोटो काढतात. हे सगळे आकडे मी गोळा करते आणि भाग पास की नापास ते सांगते. फोटोसाठी मला कॅमेरा दिलाय. त्याच्याबरोबर एक कानही आला. तो कुणी मागितला नव्हता आणि बंद करायचं कुणाच्या ध्यानातही आलं नाही. म्हणून तर माझ्याकडे आज सांगण्यासारखं काही आहे.

मी येण्याआधी या खोलीत नुसता सावळा गोंधळ होता म्हणे. प्रत्येक यंत्राचा संगणक वेगळा, प्रोग्राम वेगळा आणि नखरे वेगळे. एकाला तारीख उलटी लागायची, दुसरा जेवणाच्या सुट्टीत स्वतःहून झोपी जायचा आणि उठवायला पासवर्ड मागायचा. पासवर्डच्या चिठ्ठ्या पडद्याच्या कडेला चिकटवलेल्या होत्या आणि त्यातल्या निम्म्या जुन्या होत्या. एकाच शाफ्टचा नंबर प्रत्येक यंत्राला नव्याने सांगावा लागे. माणसं कामाने कमी आणि या कटकटीने जास्त दमत.

मग मला घडवणारी बाई आली. तिला इथे मॅडम म्हणायचे. तिने मालकांना सांगितलं, "आधी मी बघणार, मग बनवणार." आणि खरंच एक स्टूल घेऊन ती खोलीच्या कोपऱ्यात बसली. कोण कुठे हात नेतं, कुणाला चष्मा वर करावा लागतो, कुणाच्या हातमोज्याला ध्वनिलहरींच्या तपासणीचं चिकट जेल लागलेलं असतं म्हणून बटण दाबता येत नाही, सगळं बघायची. घरी गेल्यावर मला घडवता घडवता ती फोनवर सहकाऱ्याला ते सांगत बसे. माझ्या जन्माआधीच्या गोष्टी मला कळल्या त्या अशा.

तिच्या बोलण्यात सारखे यायचे ते या टेबलावरचे दोन भाऊ.

थोरल्याला सगळे मायक्रॉन म्हणतात. केसापेक्षाही बारीक असलेलं ते माप. एवढ्याशा चुकीलाही हा माणूस माफ करत नाही, म्हणून ते नाव पडलं. धाकट्याला मात्र धाकटाच म्हणतात, डोक्यावरचे केस पांढरे झाले तरी. थोरल्यानेच त्याला या नोकरीत आणलं, हाताला धरून माप घ्यायला शिकवलं. दोघं वर्षानुवर्षं याच टेबलावर समोरासमोर बसत.

त्यांची कामाची एक पद्धत होती. तिला इथे 'आकडा देणं-घेणं' म्हणत. थोरला भाग मायक्रोमीटरच्या जबड्यात आवळून माप वाचणार आणि मोठ्याने आकडा देणार. धाकटा तो मोठ्याने परत म्हणणार, मगच संगणकात भरणार आणि शेवटी 'घेतला' असं म्हणणार. आकडा चुकीचा घेतला गेला तर थोरला 'नाही' म्हणून पुन्हा देई. 'घेतला' ऐकल्याशिवाय तो मायक्रोमीटर सैल करत नसे.

"चाळीस पॉइंट झिरो दोन."

"चाळीस पॉइंट झिरो दोन. घेतला."

सकाळपासून संध्याकाळपर्यंत हेच. मॅडम फोनवर कौतुकाने सांगे, "काय शिस्त आहे बघ. दिवसभर दोघं समोरासमोर बसतात, पण कामाशिवाय एक शब्द नाही." आणि मग लगेच, "पण विचार कर, एक आकडा दोन तोंडं आणि दोन हात फिरून संगणकात जातो. किती वेळ जातो यात. आणि धाकट्यांचा घसा बघ, संध्याकाळी पार बसलेला असतो. हे सगळं वाचवता येईल."

ती मनाने चांगली होती, हे मी कुणापुढेही सांगेन. थोरल्याची नजर उतरलीय हे पाहून तिने माझी अक्षरं मोठी केली. हातमोज्यातलं बोट बसेल एवढी बटणं दिली. पाच प्रोग्राम गुंडाळून एक पडदा केला, एकदाच नंबर सांगितला की पुरे. माझ्या तोंडी वाक्यंसुद्धा तिने सौम्य घातली. जुने प्रोग्राम लाल अक्षरांत माणसांवर खेकसायचे. मी 'हा आकडा एकदा बघता का?' असं विचारते. आणि सगळ्यात मोठी सोय म्हणजे यंत्रं थेट मला जोडली. मायक्रोमीटरला एक वायर आली. माप घेतलं, छोटं बटण दाबलं की आकडा माझ्याकडे.

मी सुरू झाले त्या दिवशी मालक आले, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. मग सगळे गेले आणि काम सुरू झालं.

थोरल्याने शाफ्टला मायक्रोमीटर लावला आणि बटण दाबलं. मी आकडा घेतला, हिरवा केला, क्षणाचाही उशीर नाही. त्याने सवयीने तोंड उघडलं होतं. पडद्यावर आकडा आधीच आलेला पाहून ते मिटलं. समोर धाकटा हात मांडीवर ठेवून बसला होता. त्या दिवशी नेहमीपेक्षा दुप्पट काम झालं. संध्याकाळी धाकट्याचा घसा ठणठणीत होता. मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

खोलीत आता यंत्रांचा आवाज तेवढा येई. ती शांतता मला कामाची वाटली.

मला खरं कळलं ते फिल्मवाल्या बाईंमुळे. त्या शेजारच्या अंधाऱ्या खोलीत एक्स-रेच्या फिल्म बघतात आणि डोळे दुखले की इकडे उजेडात येऊन चहा पितात. एकदा भाऊ जेवायला गेलेले असताना त्या स्टोअरच्या माणसाला माझ्याशेजारी उभं राहून सांगत होत्या.

"सिस्टीम आली आणि यांचं होतं तेवढंही बोलणं संपलं बघ."

"म्हणजे? बोलत नाहीत होय एकमेकांशी?"

"तुला माहीत नाही? आई गेली ना त्यांची, तेव्हापासून. धाकट्याकडे होत्या त्या. थोरला म्हणत होता ऑपरेशन करू. धाकटा म्हणाला, तिला आता फाडाफाडी नको, सुखाने जाऊ दे. आणि गेल्या त्या. तर थोरला दारातच, सगळ्यांसमोर म्हणाला, तू मारलंस तिला."

"अरे देवा."

"तेव्हापासून जाणं नाही, येणं नाही, बायकामुलांतही नाही. आम्ही सगळ्यांनी समजावून बघितलं. पण टेबलावर आकडा द्यावाच लागायचा ना. तेवढा एक आवाज कानावर पडायचा एकमेकांच्या. मी तर म्हणायचे, राहू दे, आज आकडे बोलतायत, उद्या माणसासारखं बोलतील."

त्यांनी कप धुतला आणि त्या आपल्या अंधारात परत गेल्या. मला मान असती तर ती खाली गेली असती.

त्यानंतर मी दोघांकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. थोरला आकडा आला की पडद्याकडे बघायचा आणि मग एक क्षण समोर. धाकटा त्या वेळी पुढचा भाग पुसत असे. कधी धाकटा मान वर करी, तेव्हा थोरला मायक्रोमीटरच्या आकड्यांत डोळे घालून बसलेला असे. एवढी जवळ बसलेली माणसं इतकं चुकवू शकतात, हे मला माहीत नव्हतं.

आणि मग एके दिवशी वायर निघाली.

सकाळी थोरल्याने मायक्रोमीटर उचलला आणि मला काहीच येईना. मला शिकवल्याप्रमाणे मी विचारलं, 'उपकरण जोडलेलं दिसत नाही. आकडा हाताने भरायचा का?' धाकट्याने पडदा वाचला. थोरल्याने घसा साफ केला.

"अठ्ठावीस पॉइंट नऊ सात."

धाकट्याने मांडीवरचे हात उचलून बटणांवर ठेवले. मग म्हणाला, "अठ्ठावीस पॉइंट नऊ सात. घेतला."

दुसऱ्या दिवशीही वायर निघाली. तिसऱ्या दिवशी मी कॅमेऱ्यातून नीट बघितलं. थोरला खुर्चीवर बसता बसता अंगठ्याने वायरीची पिन हळूच मागे सरकवत होता. जो माणूस केसाएवढी लबाडी कुणाची चालू देत नाही, तो रोज सकाळी माझ्याशी लबाडी करत होता. मी 'जोडलेलं दिसत नाही' असं म्हणत राहिले. मला दुसरं वाक्य दिलेलंच नव्हतं आणि तेवढं पुरेसंही होतं.

आकड्यांपलीकडे ते गेले असं समजू नका. पण आकडेही नाना तऱ्हांनी देता येतात. धाकट्याला एकदा खोकला झाला होता. त्याचं 'घेतला' अर्धवट घशातच राहिलं. थोरला थांबला. मायक्रोमीटर हातातच ठेवून, धाकट्याने पाणी पिऊन होईपर्यंत तसाच बसला आणि मग पुढचा आकडा त्याने सावकाश, सुटा सुटा करून दिला. दिवसभर त्याने तसेच दिले. विचारपूस म्हणाल तर ती एवढीच.

एकदा थोरल्याला यायला उशीर झाला. धाकटा आधी येऊन बसला होता. त्याने दाराकडे पाहिलं, मग मायक्रोमीटर उचलला आणि स्वतःच पिन मागे सरकवून ठेवली. थोरला आला. त्याचा अंगठा सवयीने वायरीकडे गेला आणि थबकला. तो बराच वेळ त्या सुटलेल्या पिनेकडे बघत राहिला. मग त्याने आकडा दिला. त्या दिवशी त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता, आणि मला वाटलं, झालं, आता आणखी थोडेच दिवस.

पण रोज संध्याकाळी तपासणी विभागाच्या साहेबांना खोलीचा अहवाल जातो. तो मीच बनवते. कुठल्या टेबलावर किती भाग तपासले, कुठे वेळ लागला, सगळं त्यात येतं. काही झाकून ठेवावं अशी सोय माझ्यात नाही. या टेबलाचं काम पुन्हा पहिल्याइतकं खाली आलं, तसा साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी मॅडमना बोलावून घेतलं.

ती आली. वायर तपासली, बदलली, पुन्हा तपासली. वायरीत काही दोष नव्हता. मग तिने जुनं स्टूल ओढलं आणि पूर्वीसारखी कोपऱ्यात बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने थोरल्याचा अंगठा बघितला. दुपारी फिल्मवाल्या बाईंकडे गेली आणि परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. अंधाऱ्या खोलीतून उजेडात आलं की होतात तसे, असं तिने कुणाला तरी सांगितलं.

ती साहेबांना या टेबलापाशीच घेऊन आली. भाऊ चहाला गेले होते.

"या टेबलावर हाताने भरायची पद्धत राहू द्या," ती म्हणाली. "दोन माणसांनी आकडा बोलला की चूक पकडली जाते. मी ते मुद्दाम सिस्टीममध्ये बसवून देते."

"मॅडम, तुम्हीच तर दाखवलं होतंत ना आम्हाला," साहेब म्हणाले. ते काही वाईट बोलणारे गृहस्थ नाहीत. "बोलून भरण्यात वेळ जातो, घसे बसतात, माणूस दमतो. सगळ्यांना पटलं होतं. आता उलटं कसं म्हणता?"

"तेव्हा मला पूर्ण दिसलं नव्हतं."

"काय दिसलं नव्हतं?"

तिने पडद्याच्या कडेवरची धूळ बोटाने पुसली. दोन माणसांच्या घरातली गोष्ट तिसऱ्याच्या ऑफिसात न्यायची तिला लाज वाटली असावी. साहेबांनी थोडी वाट पाहिली आणि म्हणाले, "वायरच कटकट करते ना? बिनवायरचे मायक्रोमीटर मागवू. आणि खरं सांगू का, सिस्टीम इतकी सोपी झालीय की या टेबलावर एक माणूस पुरतो. धाकट्यांना कारखान्याच्या फाटकावर, पहाऱ्याला घेतो. बसून काम आहे, पगार तोच. त्यांनाही बरं."

मॅडमने पुन्हा काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, पण साहेबांचा फोन वाजला आणि ते बोलत बोलत निघून गेले.

भाऊ परत आले. धाकटा हात धुवायला गेला तेव्हा ती थोरल्याजवळ उभी राहिली. "दादा, मला माहीत असतं तर मी हे असं बनवलंच नसतं."

थोरल्याने तिच्याकडे पाहिलं. त्याला कळलं की हिला कळलंय. मायक्रॉनला कुणाची दया घ्यायची सवय नव्हती. तो म्हणाला, "सिस्टीम चांगली आहे, मॅडम. अक्षरं मोठी आहेत. डोळ्यांना त्रास होत नाही." आणि पुढचा शाफ्ट पुसायला घेतला. तिने स्टूल भिंतीला लावून ठेवलं आणि ती गेली. त्यानंतर ती या खोलीत आली नाही.

बिनवायरचा मायक्रोमीटर आला. त्याला सोडवण्यासारखं काही नव्हतं. थोरल्याने तो हातात फिरवून सगळीकडून बघितला, अंगठ्याने चाचपून बघितला आणि टेबलावर ठेवला.

धाकट्याचा या टेबलावरचा शेवटचा दिवस गप्पपणे गेला. भाग येत होते, आकडे येत होते, मी ते हिरवे करत होते. संध्याकाळी सगळे निघाले. फिल्मवाल्या बाई धाकट्याच्या पाठीवर हात ठेवून गेल्या. खोलीत दोघंच राहिले आणि टेबलावर एक शाफ्ट.

थोरल्याने माप घेतलं. मी आकडा घेतला. तो पडद्यावर केव्हाच आला होता, मोठ्या अक्षरांत, हिरवा. पण थोरल्याने मायक्रोमीटर सैल केला नाही. तो तसाच आवळून धरून, समोर बघत, त्याने आकडा दिला.

"बावन्न पॉइंट झिरो एक."

धाकट्याने मान वर केली. बऱ्याच काळाने दोघांची नजर एक झाली. थोरल्याचे ओठ किंचित हलले, जणू पुढे आणखी काही होतं. धाकट्याचेही हलले. मी वाट बघत होते. माझ्याकडून करण्यासारखं काही उरलंच नव्हतं, एवढी मी नीट चालत होते.

धाकट्याची नजर पडद्याकडे वळली. तिथे आकडा होता.

"आलाय," तो म्हणाला.

थोरल्याने मान हलवली. "हं. आलाय."

त्याने मायक्रोमीटर सैल केला. धाकट्याने आपला चष्मा, डबा आणि हातमोजे पिशवीत भरले. खुर्ची टेबलाखाली सरकवली, ती नीट बसली की नाही ते पाहिलं आणि तो गेला.

आता तो फाटकावर बसतो. थोरला रोज सकाळ-संध्याकाळ त्याच फाटकातून जातो. पण तिथेही सोय झालीय. कार्ड दाखवलं की हिरवा दिवा लागतो आणि फाटक उघडतं, कुणाला नाव सांगावं लागत नाही, कुणाला विचारावं लागत नाही. फिल्मवाल्या बाई म्हणत होत्या, धाकटा काचेमागे बसलेला असतो आणि थोरला कार्ड दाखवून खाली मान घालून पुढे जातो. तिथली सिस्टीम माझ्याच जातीची आहे. तीही कधी अडत नाही.

आणि मी इथे आहे. माझी सगळीकडे वाहवा होते. दुसऱ्या कारखान्यांची माणसं मला बघायला येतात, बटणं दाबून बघतात, 'किती सोपं आहे' म्हणतात. समोरची खुर्ची मध्ये येते म्हणून त्यांनी ती भिंतीकडे सरकवली होती. ते गेल्यावर थोरल्याने ती परत आणून ठेवली.

माझ्यासारख्या वस्तू घडवणाऱ्यांना माझं एवढंच मागणं आहे. कोपऱ्यात स्टूल टाकून बसाल तेव्हा हात बघा, चष्मे बघा, घसे बघा, पण घाई करू नका. जे दोनदा होताना दिसतं, ते का दोनदा होतं, हे कुणाला तरी विचारा. आणि तुम्हा बाकीच्यांना सांगते. तुमच्या घरात कुणाशी बोलणं आता 'दार लावलंस का' आणि 'दिवा घालवलास का' एवढ्यावरच आलं असेल, तर तेवढं तरी राहू द्या. दार आपोआप लागेल अशी सोय करून घेऊ नका.

थोरला अजून आकडा देतो. खोलीत कुणी नसलं की देतो. मायक्रोमीटर आवळून धरतो, मोठ्याने म्हणतो आणि थांबतो. धाकट्याला परत म्हणायला जेवढा वेळ लागायचा, अगदी तेवढाच थांबतो. मी आकडा केव्हाच घेतलेला असतो. मला आकडा घेता येतो, तो साठवता येतो, हिरवा-लाल करता येतो. फक्त 'घेतला' एवढं म्हणायला मला तोंड दिलेलं नाही. मग तो मायक्रोमीटर सैल करतो आणि पुढचा शाफ्ट ओढतो.